एज काढला तरी परत का येतो? विंडोजसोबत आलेल्या ब्राउझरचा बंदोबस्त

‘एज काढून टाका’ ही तक्रार सगळे एकाच शब्दांत करतात, पण तिच्या पोटात सात-आठ वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. म्हणून आधी आपलं लक्षण ओळखा.

• रोजचं काम क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये होतं, पण सातबारा, वीजबिल, कोकण रेल्वेचं तिकीट अशी कुठलीही पीडीएफ उघडली की एज समोर येतो.

• विंडोज अपडेट झालं, चालू झाल्यावर निळा पडदा आला, घाईत काहीतरी दाबलं गेलं आणि तेव्हापासून सगळ्या लिंका एजमध्ये उघडतात.

• मशीन चालू केलं की एज आपणहून उघडतो, किंवा बंद केल्यावरही मागे चालूच राहतो.

• पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’, ‘तुमचं सबस्क्रिप्शन संपलं’ असल्या पाट्या येतात.

• डेस्कटॉपवरचं चिन्ह डिलीट केलं, चार दिवसांनी पुन्हा हजर. कुडाळ-मालवणच्या बाजूला ही तक्रार ‘तो निळो परत इलो’ एवढ्या चार शब्दांत होते.

• स्टार्टमध्ये काही शोधलं की निकाल एजमध्येच उघडतो, डिफॉल्ट काहीही असो.

• अनइन्स्टॉलचं बटण राखाडी आहे, दाबलंच जात नाही.

• कुठली तरी स्क्रिप्ट चालवून एज काढला, आणि आता आउटलुक, विजेट्स किंवा व्हॉट्सॲपचं ॲप पांढरं फटक उघडतं किंवा उघडतच नाही.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि ‘जबरदस्तीने काढल्यावर’ या भागाकडे जा. बाकीच्यांनी क्रमाने चला. पहिल्या चार-पाच पायऱ्यांत बहुतेकांचं काम होतं. त्यांना पैसा लागत नाही, आणि चुकलं तरी काही मोडत नाही.

राखाडी बटणामागचं कारण

सध्याचा एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, बांधलेला आहे. तो १५ जानेवारी २०२० ला आला आणि विंडोज १० मधल्या जुन्या एजची जागा त्याने विंडोज अपडेटमधून घेतली. विंडोज ११ मध्ये तो पहिल्यापासूनच आहे. मायक्रोसॉफ्ट त्याला विंडोजचा भाग मानते, म्हणून भारतात सेट केलेल्या मशीनवर सेटिंग्ज → ॲप्स → इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये एजसमोर ‘मॉडिफाय’ चालतं (त्याने फक्त दुरुस्ती होते) आणि ‘अनइन्स्टॉल’ मेलेलं असतं. तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही.

युरोपात मात्र हे बटण जिवंत आहे. तिथल्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या देशांत एज सरळ अनइन्स्टॉल करता येतो. हे वाचून लोक सेटिंग्जमध्ये प्रदेश बदलून जर्मनी नाहीतर फ्रान्स करतात, आणि काहीच होत नाही. विंडोज बघतं ते पहिल्या सेटअपच्या वेळी निवडलेला देश. तो बदलायचा तर मशीन रिसेट करावं लागतं. एका ब्राउझरसाठी सगळं पुसून नव्याने बसवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. घरातलं कोणी जहाजावर असेल आणि लॅपटॉप युरोपात घेऊन तिथेच सेट केलेला असेल, तर मात्र बटण चालण्याची शक्यता आहे. बघून घ्या.

आपल्याकडच्या मशीनवर तेव्हा शहाणपणाचं काम एकच: एजला आपल्या वाटेतून बाजूला करायचं. तो डिस्कवर पडून राहिला तरी चालेल, मधे मधे आला नाही म्हणजे झालं.

पायरी १: एस मोड आहे का?

क्रोम इन्स्टॉलच होत नसेल तर आधी हे बघा. काही स्वस्त लॅपटॉप विंडोजच्या एस मोडमध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स चालतात आणि डिफॉल्ट ब्राउझर एजच राहतो. सेटिंग्ज → सिस्टिम → ॲक्टिव्हेशन उघडा. तिथे एस मोडचा उल्लेख असेल तर त्याच पानावरून स्टोअर उघडून एस मोडमधून बाहेर पडता येतं. हे फुकट आहे, मात्र परतीचा रस्ता नाही. घरगुती वापराला त्याने काही बिघडत नाही. शाळेचा किंवा संस्थेचा लॅपटॉप असेल तर आधी जबाबदार माणसाला विचारा.

ही पायरी पहिली ठेवली, कारण एस मोडमध्ये पुढचं बरंचसं लागूच पडत नाही आणि तास-दोन तास फुकट जातात.

पायरी २: डिफॉल्ट ब्राउझर, आणि पीडीएफ वेगळी

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज → ॲप्स → डिफॉल्ट ॲप्स. यादीतून आपला ब्राउझर निवडा आणि वरचं ‘सेट डिफॉल्ट’ दाबा. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे बटण नव्हतं, प्रत्येक फाइलप्रकार हाताने बदलावा लागे. २०२२ मध्ये बटण आलं. तुम्हाला ते दिसत नसेल तर विंडोज बरंच मागे राहिलं आहे, आधी अपडेट करा. विंडोज १० मध्ये त्याच पानावर ‘वेब ब्राउझर’ असा वेगळा चौकोन आहे, तिथून बदला.

लोक इथेच थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पीडीएफ पुन्हा एजमध्ये उघडते. ब्राउझर आणि पीडीएफ ही दोन वेगळी खाती आहेत. त्याच पानावरच्या शोधाच्या जागेत टिंब आणि पीडीएफ असं टाइप करा, खाली एजचं नाव दिसेल, त्यावर दाबून दुसरं ॲप निवडा.

कुठलं ॲप? नुसतं वाचायचं असेल तर सुमात्रा पीडीएफ छोटं आहे आणि जुन्या मशीनवरही पळतं. सेतू केंद्र, पतसंस्था किंवा वकिलाचं ऑफिस असेल तर ॲडोबीचं ॲक्रोबॅट रीडरच ठेवा. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा आधारची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की स्वाक्षरी खरी आहे की नाही याची तपासणी सहसा होत नाही, नुसतं चित्र दिसतं. रीडरमध्ये स्वाक्षरीवर उजवी क्लिक करून ती तपासता येते आणि प्रमाणपत्र विश्वासू म्हणून जोडता येतं. रीडर उतरवताना सोबत चिकटवलेल्या फुकट ॲन्टिव्हायरसच्या खुणा काढायला विसरू नका, नाहीतर एक पाहुणा घालवताना दोन आत येतील.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली, डिफॉल्ट प्रत्येक वापरकर्त्याचं वेगळं असतं. दुकानातल्या मशीनवर मालकाचं आणि कामाला येणाऱ्या मुलाचं अशी दोन खाती असतील तर दोन्ही खात्यांत शिरून हे करावं लागतं. दुसरी, रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून) डिफॉल्ट बदलणारी जुनी छोटी सॉफ्टवेअर आता कुचकामी आहेत. विंडोजने २०२४ मध्ये या नोंदी राखणारा एक ड्रायव्हर घातला. तेव्हापासून बाहेरून केलेला बदल नाकारला जातो, किंवा विंडोज स्वतःच तो उलटवतं. सेटिंग्जमधूनच बदला.

ऑफिसचं आउटलुक वापरत असाल तर आणखी एक जागा आहे. मेलमधली लिंक डिफॉल्ट न जुमानता एजमध्ये उघडत असेल तर आउटलुकमध्ये फाइल → ऑप्शन्स → ॲडव्हान्स्ड, तिथे ‘लिंक हँडलिंग’ शोधा आणि ‘डिफॉल्ट ब्राउझर’ निवडा.

पायरी ३: अपडेटनंतरचा निळा पडदा

‘परत आला’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. मोठं अपडेट झाल्यावर विंडोज पूर्ण पडदाभर ‘तुमचं डिव्हाइस सेट करून घेऊ’ अशा अर्थाचं पान दाखवतं. त्यात ‘शिफारस केलेली ब्राउझर सेटिंग्ज’ आधीच निवडलेली असतात. गिऱ्हाईक समोर उभं, वीज नुकतीच आलेली, माणूस ‘नेक्स्ट’ दाबत सुटतो, आणि डिफॉल्ट पुन्हा एज.

तो पडदा पुन्हा येऊ नये यासाठी सेटिंग्ज → सिस्टिम → नोटिफिकेशन्स, अगदी तळाला ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ उघडा. तिथल्या तिन्ही खुणा काढा: अपडेटनंतरचं स्वागत, सेटअप पूर्ण करण्याच्या सूचना, आणि वापराच्या टिपा. विंडोज १० मध्ये याच खुणा सिस्टिम → नोटिफिकेशन्स अँड ॲक्शन्सखाली आहेत. त्या काढल्या नाहीत तर पायरी दोन दर काही महिन्यांनी पुन्हा करत बसाल.

एजमध्येच क्रोमची पानं आणि बुकमार्क आपोआप उगवत असतील तर तोही याच पडद्याचा प्रताप असतो. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘इम्पोर्ट ब्राउझर डेटा’ शोधा आणि दर वेळी उघडताना क्रोमचा डेटा आणण्याची परवानगी बंद करा.

पायरी ४: कोपऱ्यातल्या पाट्या

यात एजचा दोष नाही आणि बहुतेक वेळा व्हायरसही नसतो. कधीतरी सिनेमाच्या किंवा क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या पानावर ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं, आणि ते पान आता एजच्या नावाने सूचना पाठवत राहतं. एजच्या सेटिंग्जमध्ये शोधाच्या जागी ‘नोटिफिकेशन्स’ टाइप करा, परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी येईल. ओळखीच्या नसतील त्या सगळ्या काढा. वर ‘पाठवण्याआधी विचारा’ असं बटण आहे, तेही बंद करा म्हणजे पुढे कोणी विचारणारच नाही.

क्रोममध्येही हीच यादी असते. पाटीवर कुठल्या ब्राउझरचं चिन्ह आहे ते बघून त्या ब्राउझरमध्ये जा. आणि पाटीवर दिलेल्या नंबरवर फोन मुळीच करू नका. पलीकडचा माणूस ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ म्हणून एनीडेस्कसारखं दूरून ताबा घेणारं ॲप टाकायला सांगतो, आणि मग विषय ब्राउझरचा राहत नाही, बँक खात्याचा होतो. असं ॲप आधीच टाकलं गेलं असेल तर नेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मशीन नंतर बघू.

पायरी ५: आपोआप उघडणं आणि मागे चालू राहणं

चार जागा तपासायच्या, याच क्रमाने.

एजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम अँड परफॉर्मन्स’ उघडा. ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद करा, आणि ‘एज बंद असताना एक्स्टेन्शन्स व ॲप्स मागे चालू ठेवा’ हेही बंद करा. पहिल्यामुळे विंडोज सुरू होताच एजचा काही भाग मेमरीत जाऊन बसतो. चार जीबी रॅमच्या मशीनवर याचा फरक लगेच जाणवतो, सोळा जीबीवर कळणारही नाही.

मग विंडोजच्या सेटिंग्ज → ॲप्स → स्टार्टअपमध्ये एज असेल तर बंद करा.

तिसरी जागा सेटिंग्ज → अकाउंट्स → साइन-इन ऑप्शन्स. तिथे बंद करताना उघडी असलेली ॲप्स पुन्हा साइन-इन झाल्यावर उघडायची सोय असते, ती बंद करा. आदल्या संध्याकाळी एज उघडा राहिला म्हणून सकाळी उघडतो, एवढंच असतं ते.

चौथी जागा टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून ‘डिटेल्स’ बघा. ‘एमएसएज’ नावाच्या ओळी असतील तर एज खरंच चालू आहे. ‘एमएसएजवेबव्ह्यू२’ असं लांब नाव असेल तर तो एज नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं नुकसान तो न कळल्याने होतं.

वेबव्ह्यू२ हा दुसऱ्या ॲप्सना आपल्या खिडकीत वेबपान दाखवायला लागणारा भाग आहे. नवं आउटलुक, टीम्स, विजेट्स, विंडोजवरचं नवं व्हॉट्सॲप हे सगळे त्यावर चालतात. इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत तो वेगळ्या नावाने दिसतो. एज नको म्हणून वेबव्ह्यू२ काढणं म्हणजे माळ्यावरची अडगळ काढताना घराचं आढंच उपटणं. त्याला हात लावू नका.

पायरी ६: चिन्हं

टास्कबारवरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘अनपिन’. डेस्कटॉपवरचं डिलीट. एजचं अपडेट झालं की डेस्कटॉपवरचं चिन्ह कधी कधी पुन्हा ठेवलं जातं, आणि नवीन वापरकर्ता खातं उघडलं की तिथेही ते येतं. पुन्हा डिलीट करा. हे कायमचं थांबवायला धोरणाच्या सेटिंग्ज आहेत, पण त्या वीस-तीस मशीनच्या शाळेच्या लॅबसाठी ठीक. एका मशीनसाठी एवढा खटाटोप कशाला?

पायरी ७: स्टार्टमधला शोध

स्टार्टमध्ये टाइप केल्यावर येणारे वेबचे निकाल आणि विजेट्समधल्या बातम्या खास एजसाठीच्या लिंकने उघडतात. डिफॉल्ट क्रोम असला तरी त्या एजकडेच जातात. पूर्वी ही लिंक वळवणारी सॉफ्टवेअर चालायची, २०२१ च्या अखेरीस विंडोज ११ ने ती वाट बंद केली. लिंक वळवता येत नाही, पण वेबचे निकाल यायचेच थांबवता येतात.

इथून पुढे रजिस्ट्री. आधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे परतायची खूण) करा: स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. सी ड्राइव्हपुढे ‘ऑफ’ दिसत असेल तर ‘कॉन्फिगर’मधून आधी चालू करा, अनेक मशीनवर ते बंदच असतं. मग ‘क्रिएट’.

आता रजिस्ट्री एडिटर उघडून या वाटेने जा: एच-की करंट यूजर, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज. त्यात ‘एक्सप्लोरर’ नावाची की नसेल तर नवी करा. तिच्यात ३२ बिटची नवी डीवर्ड व्हॅल्यू घ्या आणि नाव द्या ‘डिसेबल सर्च बॉक्स सजेशन्स’. हे नाव इंग्रजी अक्षरांत, चारही शब्द सलग, मधे स्पेस नाही, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. किंमत १. मशीन रीस्टार्ट करा. पटलं नाही तर ती व्हॅल्यू डिलीट केली की पूर्ववत.

विजेट्ससाठी एवढं करायची गरज नाही. सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → टास्कबारमध्ये विजेट्स बंद करा.

रजिस्ट्रीची सवय नसेल तर ही पायरी सोडून द्या. स्टार्टमधून वेबवर शोधणं टाळलं की झालं.

चाकरमान्यांनी आणलेला ऑफिसचा लॅपटॉप

गणपतीत मुंबईहून जुना लॅपटॉप घरी येतो, आणि त्याच्या एजमध्ये मेन्यूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ लिहिलेलं असतं. अशा मशीनवर कंपनीचं धोरण डिफॉल्ट ठरवतं, तुम्ही काहीही बदला, ते परत बसतं. सेटिंग्ज → अकाउंट्स → ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’मध्ये कंपनीचं खातं दिसतं का बघा. दिसलं तर थांबा. लॅपटॉप कंपनीने रीतसर दिलेला असेल तर खातं सोडवण्याचं काम त्यांच्या आयटी विभागाने करायचं. मधेच ‘डिस्कनेक्ट’ दाबलं आणि त्या मशीनवर दुसरं खातं नसेल तर साइन-इनच करता येत नाही, आणि डिस्क एन्क्रिप्ट असेल तर आतला डेटाही गेला.

कंपनीचा काही संबंध नसताना घरच्या मशीनवर हेच वाक्य दिसत असेल तर कुठल्या तरी ‘स्पीड वाढवा’ छापाच्या सॉफ्टवेअरने किंवा स्क्रिप्टने धोरणाच्या नोंदी घातलेल्या असतात. एजच्या पत्त्याच्या जागी एज, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप केलं की लागू असलेल्या नोंदींची यादी दिसते. ती बघून ते सॉफ्टवेअर काढा.

काढण्याआधी: एज लागणार तर नाही ना?

तारकर्ली, गुहागर, हरिहरेश्वर पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांनी हे जरूर वाचावं. जुन्या सीसीटीव्ही डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं) पान ॲक्टिव्हएक्सवर, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या तंत्रावर, चालतं, आणि ते क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये उघडत नाही. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोज १० वर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण बंद केला गेला. आता त्या पानासाठी उरला तो एजचा आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’खाली आयई मोडमध्ये साइट उघडायला परवानगी द्या आणि डीव्हीआरचा पत्ता यादीत जोडा.

या यादीतली नोंद ३० दिवसांनी आपोआप संपते. ‘महिन्याभराने कॅमेरे दिसेनासे होतात’ ही तक्रार तिथून येते. डीव्हीआर बिघडलेला नसतो, बदलायलाही नको. पत्ता पुन्हा जोडा. असं एखादं पान तुमच्याकडे असेल तर एज काढायचा विचार सोडाच.

जबरदस्तीने काढायचंच असेल तर काय होतं

पूर्वी एजच्या इन्स्टॉलर फोल्डरमधली सेटअप फाइल विशिष्ट आदेशाने चालवली की एज निघायचा. नव्या आवृत्त्यांत तो आदेश गुपचूप काहीच करत नाही. म्हणून लोक यूट्यूबवर बघून तिसऱ्याच कोणाच्या स्क्रिप्ट उतरवतात, त्या ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवतात, किंवा प्रोग्राम फाइल्समधली फोल्डरं मालकी बदलून हाताने उडवतात. यातल्या काही स्क्रिप्ट एजसोबत वेबव्ह्यू२ आणि एजची अपडेट सेवाही उडवतात. वेबव्ह्यू२ राहिला तरी अपडेट सेवा गेल्यामुळे त्याचे सुरक्षा अपडेट थांबतात, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वर विंडोजचं एखादं मोठं अपडेट आलं की एज पुन्हा येतो तो येतोच. मशीन दुखावलं आणि पाहुणाही गेला नाही, अशी गत.

जागा वाचेल म्हणून करत असाल तर तेही फारसं साधत नाही. तुमचा प्रोफाइल आणि कॅशे वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये वेगळे असतात, एज निघाला तरी ते बहुतेक वेळा तिथेच राहतात. जागाच हवी असेल तर एजच्या सेटिंग्जमधून ब्राउझिंग डेटा पुसा.

तरीही युरोपातला लॅपटॉप असेल, बटण जिवंत असेल, तर आधी एजमधले पासवर्ड आणि आवडीची पानं निर्यात करा. पासवर्डची सीएसव्ही फाइल दुसऱ्या ब्राउझरमध्ये घेतली की लगेच डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, पेन ड्राइव्हवर ती कधीही ठेवू नका.

जबरदस्तीने काढल्यावर: दुरुस्ती

आउटलुक, विजेट्स, व्हॉट्सॲप पांढरं पडलं असेल तर सोप्यापासून सुरू करा.

आधी वेबव्ह्यू२. दुसऱ्या ब्राउझरने मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून वेबव्ह्यू२ रनटाइमचा ‘एव्हरग्रीन स्टँडअलोन’ इन्स्टॉलर घ्या. ‘बूटस्ट्रॅपर’ नको. तो स्वतः छोटा असतो आणि बाकीचं चालवताना नेटवरून ओढतो. रेंज येत-जात असेल तर अर्ध्यातच अडकतो. एक्स६४ आवृत्ती बहुतेकांना चालते. मशीन रीस्टार्ट करा. बऱ्याचदा इथेच सुटका होते.

नाही झाली तर एज परत बसवा, त्याच साइटवरून. हो, जो काढला तोच. त्याने अपडेट सेवा परत येते.

तरी अडलं किंवा विंडोज अपडेट अयशस्वी होऊ लागलं तर सिस्टिम फाइल्स तपासायच्या. स्टार्टवर उजवी क्लिक करून टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा. आदेश इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. पहिला डीआयएसएमचा: ‘डिसम’, स्पेस, तिरकी रेघ आणि ऑनलाइन, स्पेस, तिरकी रेघ आणि क्लीनअप-इमेज, स्पेस, तिरकी रेघ आणि रिस्टोअरहेल्थ. ६२.३ टक्क्यांवर तो मेल्यासारखा थांबलेला दिसतो. मारू नका, वाट बघा. तो पूर्ण झाल्यावर दुसरा: ‘एसएफसी’, स्पेस, तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ. क्रम उलटा करू नका. एसएफसी दुरुस्तीच्या फाइल्स ज्या साठ्यातून घेतं तो साठा डिसम नीट करतं. साठाच खराब असला तर एसएफसीचं काम अर्धवट राहतं.

शेवटचा उपाय विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज → सिस्टिम → रिकव्हरीखाली आहे, ‘विंडोज अपडेट वापरून समस्या दुरुस्त करा’. फाइल्स, ॲप्स आणि सेटिंग्ज जागेवर ठेवून विंडोज पुन्हा बसतं. काही जीबी उतरवावे लागतात, म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवर सुरू करू नका.

आणि पावसाळ्यात हे काम वीज लपंडाव खेळत असताना हाती घेऊ नका. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर हरकत नाही. डेस्कटॉपला यूपीएस लागतोच. खारं वारं खाऊन यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, तेव्हा आधी एकदा प्लग काढून ती किती टिकते ते बघा. विंडोज पुन्हा बसत असताना वीज गेली तर ब्राउझरची तक्रार मागे पडते आणि मशीनच चालू होईना अशी नवी सुरू होते.

विंडोज सोडून बाकीचे

मॅकवर सफारी काढता येत नाही. २०२० च्या बिग सरपासून सिस्टिमचा भाग सीलबंद व्हॉल्यूमवर असतो. सेटिंग्जमधून डिफॉल्ट बदला आणि डॉकमधून चिन्ह काढा. अँड्रॉइडवर आधीपासून असलेला क्रोम बहुतेक फोनवर ‘डिसेबल’ होतो, अनइन्स्टॉल होत नाही. उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्स ‘स्नॅप’ या पॅकेजच्या रूपातच येतो, तो खरंच काढता येतो, पण दुसरा ब्राउझर आधी बसवा आणि मगच काढा.

कधी थांबायचं

यातलं काहीही दिसलं तर पुढे प्रयोग करू नका, माणूस बोलवा.

• निळ्या पडद्यावर ४८ आकडी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून ती मिळते का बघा. नसेल मिळत तर ‘रिसेट’ मुळीच दाबू नका, डेटा जाईल.

• डिसम आणि एसएफसी दोन्ही चालवूनही दुरुस्ती अपुरी राहिल्याचं सांगतात.

• डिस्कमधून टकटक येते किंवा फाइल कॉपी होता होता अडकते. हे ब्राउझरचं दुखणं नाही, आधी डेटा वाचवायचा.

• मशीनवर पतसंस्थेचा, दुकानाचा टॅली डेटा आहे आणि त्याचा ताजा बॅकअप नाही.

• यूट्यूबवरच्या स्क्रिप्टने डिफेंडरही (विंडोजचा स्वतःचा ॲन्टिव्हायरस) बंद केलेला आहे.

दुरुस्तीला देताना या गोष्टी सोबत द्या: विंडोजची आवृत्ती (विंडोज बटण आणि आर दाबून ‘विनव्हर’ टाइप केलं की दिसते), कुठली स्क्रिप्ट कधी चालवली त्याचं नाव किंवा व्हिडिओची लिंक, रिकव्हरी की असेल तर ती, आणि चार्जर. स्क्रिप्टचं नाव लपवू नका. ते कळलं तर काय काय उडालं ते थेट बघता येतं, नाहीतर सगळं चाचपडत शोधावं लागतं आणि तेवढ्या वेळाची मजुरी तुमच्याच बिलात लागते.